दौलताबादी कागद व कागजीपुऱ्याचे कागदी

१

जुन्या पोथ्या व दफ्तरें यांचा व्यासंग करणारा मनुष्य बहुधा एकच गोष्ट वाचतो. ती म्हणजे अक्षर. लेखक कोण, शक कोणता, पाठ कोणता, मोर्तब खरें कीं खोटें, यांचा खल तो वर्षानुवर्षें करतो. परंतु ज्या वस्तूवर हें सर्व लिहिलेलें असतें, तिच्याविषयीं त्याच्या यादींत दोनच शब्द आढळतात : ‘कागद जुना’. तो कोणीं केला, कशाचा केला, कोठें केला, कसा घोटला, यांविषयीं मौन. हें मौन आम्हींहि चाळीस वर्षें पाळलें. त्याचें प्रायश्चित्त म्हणून प्रस्तुत टिपण विद्वान् वाचकांपुढें ठेवीत आहों.

विषय आमच्याच जिल्ह्यांतला आहे. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, वेरुळाकडे जातांना दौलताबादचा किल्ला मागें टाकून घाट चढला, कीं खुलताबादेच्या अलीकडे कागजीपुरा नांवाचें लहानसें गांव लागतें. हिमरू व पैठणी हीं या प्रांताच्या हातकामांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं आहेत. प्रवासी तीं वस्त्रें पाहतात, विकत घेतात, वाखाणतात. कागजीपुऱ्याचें नशीब निराळें. त्याच्यासारख्या गांवांचें काम आमच्या कपाटांत रुमालांखालीं बांधून पडलेलें असतें, आणि कपाटाच्या धन्यासच त्याची ओळख नसते.

२

आरंभीं शब्दांचा थोडा विचार करूं. आपल्या भाषेंत लेखनसाहित्याचे शब्द दोन थरांचे आहेत. पहिला थर संस्कृताचा. ‘पत्र’ म्हणजे झाडाचें पान. पोथीच्या पृष्ठास आपण अजूनहि ‘पान’ म्हणतों, त्यांत ताडपत्राची व भूर्जपत्राची आठवण आहे. ‘ग्रंथ’ शब्दांत बांधणें हा धात्वर्थ आहे. भोंक पाडून दोरीनें एकत्र बांधिलेलीं पानें तो ग्रंथ. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणें असा असून, टोकदार लेखणीनें ताडपत्र कोरणाऱ्याची कृति त्यांत स्पष्ट दिसते. दुसरा थर फारसी-अरबीचा : कागद, शाई, दफ्तर, रुमाल, दस्ता. दस्ता म्हणजे हातांत मावेल तेवढा गठ्ठा, तो चोवीस तावांचा. आणि वीस दस्ते मिळून एक रीम, म्हणजे ४८० ताव. ‘रीम’ हा शब्दहि मूळचा अरबी ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा; तो युरोप फिरून आपल्याकडे परत आला.

या दोन थरांचा सांधा पोथीच्या देहावर अजून दिसतो. कागद हवा तसा कापतां येतो. तरी पोथी आडवी, लांबट व अरुंद कां? कारण ती ताडपत्राचा आकार धरून बसली. पश्चिम हिंदुस्थानांतील जुन्या जैन पोथ्यांत, कागदावर लिहितांना दोरीच्या भोंकाचें प्रयोजन उरलें नसतांहि, मध्यभागीं कोरी जागा सोडलेली आढळते. हातास जडलेली रीति साहित्य बदललें तरी लवकर जात नाहीं. पुढील विवेचनांत ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

३

मुहम्मद तुघलकानें इ. स. १३२७ (शके १२४९) च्या सुमारास देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन तेथें राजधानी आणिली. त्या वेळीं उत्तरेंतून जे कारागीर आले त्यांत कागद करणारेहि होते, अशी कागदी लोकांची परंपरा आहे. परंपरा म्हणजे प्रमाण नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ही परंपरा असंभाव्य मुळींच नाहीं. राजधानी आली कीं दिवाण येतो, दिवाण आला कीं दफ्तर येतें, आणि दफ्तर कागदावांचून एक दिवस चालत नाहीं.

पुढील तीन शतकांत या एका डोंगराभोंवतीं किती दफ्तरें उभीं राहिलीं तें पाहावें. इ. स. १३४७ मध्यें बहामनी राज्याचा आरंभ दौलताबादेसच झाला. निजामशाहीच्या उत्तरकाळांत मलिकंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली. जमिनीची पाहणी करून धारा बांधण्याची त्याची पद्धति प्रसिद्ध आहे. आणि पाहणी म्हटली कीं कागदांचे ढीग आलेच. इ. स. १६३३ मध्यें मोगलांनीं दौलताबाद घेतलें, व औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, इ. स. १६५३ नंतर, खडकीचें औरंगाबाद झालें. येथील किले अर्कांत सांठविलेलें शहाजहान व औरंगजेब यांच्या काळचें दफ्तर पुढें हैदराबादेस नेण्यांत आलें. त्यांतील कागदांची संख्या दीड लाखांच्या वर सांगतात. त्यानंतर आसफजाही आली. तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही, अशीं राज्यें पालटलीं. कारकुनाची कागदाची गरज पालटली नाहीं.

मराठी लेखनव्यवहारांत कागदाचीं नांवें गांवावरून पडलेलीं होतीं : दौलताबादी, जुन्नरी, अहमदाबादी. जुन्नर हें कागदाचें दुसरें मोठें ठिकाण. आणि पुण्यास कसबा पेठेंतील कागदीपुरा अद्याप त्या धंद्याचें नांव धारण करून आहे. या सर्वांवरून आमचें पहिलें विधान असें कीं, आपल्याकडे कागदाचा धंदा राजेरजवाड्यांच्या शोकावर जगला नाहीं. सोन्याचा वर्ख शिंपडलेला अफशानी कागद हौशी धन्यासाठीं होत असे खरा; परंतु कागदी जगला तो पाटील-कुळकर्ण्यांच्या जमाखर्चावर, सावकारांच्या चोपड्यांवर, वकिलांच्या अखबारांवर आणि पोथ्या उतरणाऱ्यांच्या बोरूवर.

म्हणूनच त्याच्या ऱ्हासाचें कारणहि तेथेंच शोधावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरणीचा कागद सर्वत्र झाला. बंगाल्यांत टिटागढची गिरणी इ. स. १८८२ ची, पुण्यानजीक मुंढव्याची इ. स. १८८५ ची. सरकारी कचेऱ्यांनीं गिरणीचा व विलायती कागद धरला. जो हातकागद लागे तोहि तुरुंगांतून कैद्यांकडून करविला जाऊं लागला. कारागिराचें कसब कमी झालें नव्हतें. त्याचें गिऱ्हाईक गेलें होतें. इ. स. १९३४ मध्यें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानें हातकागदाचा प्रश्न हातीं घेतला, आणि के. बी. जोशी यांच्या परिश्रमानें १९४० मध्यें पुण्यास हातकागदाची संस्था उभी राहिली. अमेरिकेंतील कागदविद्येचा अभ्यासक डार्ड हंटर हा १९३७ मध्यें हिंदुस्थानांत येऊन आपल्या कागद्यांची रीति पाहून गेला व १९३९ मध्यें त्यानें त्यावर ग्रंथ काढिला. परदेशांतील मनुष्य हौद पाहावयास समुद्र ओलांडून आला, आणि आम्ही दहा कोसांवर राहून तिकडे फिरकलों नाहीं, हें येथें नमूद करणें प्राप्त आहे.

४

आतां कृतीकडे वळूं. कारण कृति समजल्यावांचून कागद वाचतां येत नाहीं.

कच्चा माल म्हणजे लांकूड नव्हे. तागाचीं जुनीं दोरखंडें, गोणपाटें, फाटकीं जाळीं व सुती चिंध्या. म्हणजे ज्यांचा दुसरा उपयोग संपला अशाच वस्तु. त्यांचे तुकडे करून चुन्यांत भिजवीत, ढेंकीखालीं कुटीत, पाण्यांत धूत, आणि हें चक्र पुन्हां पुन्हां चालत असे. शेवटीं तंतू सुटे होऊन लगदा तयार होई. तो हौदाच्या पाण्यांत कालवून कागदी हौदाच्या कांठावर बसे. लांकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची, घोड्याच्या केसांनीं गुंफलेली चटई अंथरलेली असते. तिला छापरी म्हणतात. चौकट पाण्यांत बुडवून सपाट वर उचलली कीं पाणी गळून जातें व छापरीवर तंतूंचा पातळ थर राहतो. मग छापरी उचलून आधींच्या ओल्या तावावर पालथी घालावयाची व हलकेंच सोडवून घ्यावयाची. ताव असे एकावर एक रचले जात. मध्यें कापड घालीत नसत. तंतू लांब असल्यामुळें, वर दगडांचें ओझें ठेवून पाणी काढल्यावरहि, ताव एकमेकांपासून सुटत. नंतर ते कुंचीनें गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवीत.

येथवर जो कागद झाला तो टीपकागदासारखा. त्यावर शाई फुटते. म्हणून त्यास तांदळाची किंवा गव्हाची खळ देत, पुन्हां वाळवीत, आणि फळीवर ठेवून अकीकासारख्या गुळगुळीत दगडानें घोटीत. घोटण्यानें पृष्ठ हस्तिदंतासारखें होतें व बोरू न अडखळतां चालतो. काजळाची शाई या पृष्ठाच्या वर बसते, आंत मुरत नाहीं. म्हणून ती तीनशें वर्षें काळीभोर राहते, आणि म्हणूनच पाण्याच्या एका ओल्या बोटानें पुसलीहि जाते. पोथीची घडी सोडवावयास तिला पाणी लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या कृतींतच कागदाच्या दीर्घायुष्याचें व दोषाचें कारण आहे. चुन्याच्या संस्कारामुळें कागदांत आम्लता राहत नाहीं. उलट, इ. स. १८०७ मध्यें जर्मनींत इलिग यानें तुरटी व राळ यांनीं कागद बांधण्याची युक्ति प्रसिद्ध केली, ती पुढें गिरण्यांनीं उचलली. तुरटीचें आम्ल कागदास आंतून खातें, आणि लांकडाच्या लगद्याचा कागद तर त्याहून लवकर झिजतो. म्हणून शंभर वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र हातांत तुटतें, आणि त्याच कपाटांतील औरंगजेबाच्या काळची सनद घडी घालूं म्हटलें तर घालतां येते. दोष असा कीं, खळ हें किड्यांचें अन्न आहे. कसर व वाळवी या कागदावर तुटून पडतात. तिच्या बंदोबस्तासाठीं आपले पूर्वज हरताळाचा उपयोग करीत. तो विषारी आहे. चुकलेल्या अक्षरावर तोच पिवळा लेप देऊन वर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार या कृतींतून निघाला. तेव्हां पोथींत जेथें पिवळा डाग दिसेल तेथें तो डाग नसून पाठशोधन आहे, आणि त्याखालीं पहिला पाठ निजलेला आहे.

५

कागदावरून काळ ठरवितां येतो काय ? या प्रश्नास उत्तर देतांना दोन्ही बाजूंनीं सावध राहिलें पाहिजे.

विलायती कागदाच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. तो उजेडासमोर धरला असतां त्यांत जलचिन्ह दिसतें. इ. स. १७९४ च्या इंग्लंडांतील कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या कागदावरील जकातीची सूट मिळावयास जलचिन्हांत वर्ष असणें आवश्यक झालें. त्यामुळें त्यानंतरच्या पुष्कळ इंग्रजी कागदांत सालाचा आंकडाच सांपडतो. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीचें म्हणून एखादें पत्र दाखविण्यांत आलें आणि कागदांत १८१० हा आंकडा निघाला, तर तें मूळ पत्र नव्हे; फार तर नक्कल, नाहीं तर बनावट. अशी परीक्षा करावयास दिव्यापलीकडे खर्च नाहीं.

देशी कागदांत जलचिन्ह नसतें. त्यांत छापरीच्या काड्यांच्या दाट समांतर रेषा व त्यांना आडव्या जाणाऱ्या गुंफणीच्या विरळ रेषा दिसतात. तिरप्या उजेडांत घोटण्याचे लांब चकचकीत पट्टे दिसतात. कधीं न कुटला गेलेला तागाचा धागा दिसतो. या खुणांवरून कागद हातचा आहे एवढें निश्चित सांगतां येतें. तो दौलताबादी कीं जुन्नरी, हें नुसत्या डोळ्यांनीं सांगणारास आम्ही हात जोडतों व पुरावा मागतों. कृति एक, माल एक, कागदीहि एका गांवाहून दुसऱ्या गांवास जात. बाजारांत मोलानें विकणारे लोक प्रत्येक पिवळसर तावास ‘दौलताबादी’ म्हणतात. संग्राहकांनीं तें नांव यादींत उतरूं नये. नांव तेंच खरें, जें लेखांतच लिहिलेलें असेल. हिशेबांत, पोथीच्या पुष्पिकेंत किंवा समासांत कागदाची खरेदी नोंदलेली आढळल्यास ती नोंद रत्नाप्रमाणें जपावी. कारण असे दहा ताव जमले, तर त्यांच्या काड्यांची मोजणी करून बाकीच्या शेंकडों निनांवी तावांस घर शोधून देतां येईल.

६

हें सांगण्याचा अधिकार आम्हांस एका अपराधानें आला आहे. चाळीस वर्षांपूर्वीं, नव्यानें शिकवूं लागलों असतां, घरच्या अमरकोशाच्या पोथीच्या कडा झिजलेल्या पाहून आम्हीं ती बांधणाऱ्याकडे दिली. त्यानें आपल्या धंद्याच्या रीतीप्रमाणें चारी कडा सुरीनें सारख्या करून, वर कापडी पुठ्ठा चढवून, पोथी सुबक करून दिली. दोष त्याचा नव्हे. त्यास आम्हीं कांहींच सांगितलें नव्हतें. शेवटच्या पत्राच्या समासांत मोडींत एक ओळ होती. इतके ताव, अमुक कागद, अमुक दाम, अशी ती होती एवढें आठवतें. पोथी देण्यापूर्वीं ती उतरून घ्यावी हें सुचलें नाहीं, कारण तें व्याकरण नव्हतें, काव्य नव्हतें, कोशहि नव्हता. आज त्या ओळीचा खालचा अर्धा भाग उरला आहे. ‘ताव’ हा शब्द लागतो. पुढचा शब्द दौलताबादी होता कीं जुन्नरी, हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं.

श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाहीं, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. हा समास आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविला. पोथी बांधावयास देतांना तो आम्हांस आठवला नाहीं. कोरा समास म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो अक्षरांचा कोट आहे. आम्हीं कोट पाडून घर सुशोभित केलें.

दुसरा धडा अलीकडे मिळाला. आमची एक जुनी विद्यार्थिनी चित्रें काढते, आपल्या वह्या आपणच शिवते, आणि आपला कागदहि घरच्या अंगणांत आपणच करते. या नगरींत व इतरत्रहि असे तरुण आतां दिसतात, जे कोणाच्या कारखान्यावर किंवा दुकानावर न विसंबतां साहित्यापासून वस्तूपर्यंत सर्व स्वतःच्या हातानें करतात. आम्हीं तिला पोथींतील एक ताव दाखविला. एका कोपऱ्यांत तो जाड, समोरच्या कोपऱ्यांत पातळ. हा जीर्णतेचा परिणाम, असें आम्हीं तिला समजावून सांगूं लागलों. ती म्हणाली, “गुरुजी, तसें नाहीं. चौकट उचलतांना हात एका अंगास कलला.” आणि तिनें आम्हांस पदर खोंचून, म्हणजे आमच्या बाबतींत बाह्या सारून, टोपापुढें बसविलें. जुन्या धोतराचा लगदा, गुडघाभर पाणी, लांकडी चौकट. आमचे पहिले तीन ताव चौकटीवरच फाटले; चौथा झाला, आणि तो एका कोपऱ्यांत जाड होता.

त्या दिवसापासून पोथी हातीं घेतली कीं प्रथम तो मनुष्य दिसतो, ज्याचें नांव कोणत्याहि पुष्पिकेंत नाहीं. पुष्पिकेंत ग्रंथकार असतो, लेखक असतो, लिहविणारा यजमान असतो, पाठ-कंबर-मान मोडून लिहिल्याची तक्रारहि असते. पाण्यांत हात बुडवून दिवसभर ताव उचलणाऱ्याचा उल्लेख नसतो. त्याची सही म्हणजे तो जाड कोपरा.

७

आतां व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या संग्रहीं पोथ्या व दफ्तरें आहेत त्यांस आमची विनंति अशी कीं, यादींत ‘कागद जुना’ न लिहितां पुढील गोष्टी नोंदाव्या : तावाची लांबी-रुंदी, कापलेल्या व न कापलेल्या कडा वेगवेगळ्या सांगून, उजेडासमोर धरून एका अंगुळांत काड्यांच्या रेषा किती, गुंफणीच्या रेषांमधील अंतरें, रंग, घोटणी एका बाजूस कीं दोन्ही, जलचिन्ह असल्यास तें, आंकड्यासह, आणि कागदाच्या खरेदीची कोणतीहि नोंद, ती कितीहि क्षुद्र वाटली तरी अक्षरशः. एका पोथीस यासाठीं पाव घटका लागते. पोथी बांधावयास देण्याची वेळ आलीच, तर कडा कापूं नयेत असें लिहून द्यावें.

दुसरी विनंति कागद्यांविषयीं. कागजीपुऱ्यांत व इतरत्र हें काम जाणणारे हात पूर्वींच्या मानानें अगदीं थोडे आहेत. हौद, छापरी, खळ, घोटणी यांचे त्यांच्या तोंडचे शब्द, मापें व अनुभव हेंहि ऐतिहासिक साधन आहे, आणि तें कोणत्याहि रुमालांत बांधलेलें नाहीं. तें वाळवीपेक्षां लवकर जातें. आमच्यापैकीं ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनीं तेथें जाऊन ऐकून, लिहून घ्यावें.

तिसरी विनंति सर्वांत सोपी. धंदा गिऱ्हाईक गेल्यामुळें खालावला, असें वर दाखविलें आहे. पोथीखालचे पुठ्ठे, पोथ्यांमधील आडपानें, दफ्तरांचीं वेष्टणें, डागडुजीच्या पट्ट्या यांसाठीं संग्राहकांस दरसाल कागद लागतोच. तो तुरटी-राळ न घातलेला आहे अशी खात्री करून हातकागदाचाच घ्यावा. सहाशें वर्षें कागदी दफ्तरावर जगला. राजांचीं दफ्तरें गेलीं. जीं उरलीं तीं आतां आपल्यासारख्यांच्या कपाटांत आहेत. त्यांचा धर्म आपण पाळला, तर चौकट उचलणारे दोन-चार हात आणखी एक पिढी ओले राहतील.

अमरकोशाच्या त्या पोथीस आम्हीं नवें वेष्टण केलें आहे. कागद हातचा आहे, व त्याच्या कोपऱ्यावर कागदाचें गांव, तावांची संख्या व दाम हीं आम्हीं स्वहस्तें लिहून ठेविलीं आहेत. येथें लेखनसीमा करितों.